उन्हाळ्यातल्या गृहिणी आणि आमचे सर

ज्या माणसाने माझी पीएच.डी. वर्षभर लांबवली, तो माणूस आज सकाळी गेला.

माझे गाइड. आमचे सर.

माणूस कोणतं काम करतो आणि त्यावरून मत कसं ठरवतो, हा माझा विषय. सर्वे झाला होता, कोडिंग झालं होतं, चॅप्टरही तयार होता. लाखांदूरकडच्या बहुतेक बाया गृहिणी आहेत आणि नवऱ्याला विचारून मत देतात, असं मी त्यात मोठ्या ऐटीत लिहिलं होतं.

सरांनी चष्मा काढला.

"धानाच्या तालुक्यात एवढ्या गृहिणी? मंग रोवणा कोन करते वो बाई?"

रोवणा म्हणजे भाताची लावणी, ती पावसाळ्यात. सर्वे मी भर उन्हाळ्यात केला होता. शेतं रिकामी, बाया खरोखरच घरी.

"रोवण्याच्या दिवसात जाय आन् पुन्हा इचार."

मी रडले. वरठीला घरी बाबांनी बजावून ठेवलं होतं, यंदा पीएच.डी. नाही झाली तर लग्न. स्थळही बघून झालं होतं.

मग सर स्वतःच आमच्या घरी आले. चहा घेतला आणि बाबांना म्हणाले, "एवढा एक रोवणा थांबा जी. पोरगी मेहनती आहे. चुकीचं लिहून डॉक्टर नको व्हायले."

बाबा कुरकुरले, पण थांबले.

पावसाळ्यात सर माझ्यासोबत एसटीने लाखांदूरकडे आले. पहिल्याच घरी नवरा म्हणाला, "बायको? घरीच रायते जी, काई नाई करत."

तेवढ्यात ती धानाच्या बांधीतून आली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.

"घरीच रायतो? मंग सकाळपासून कोनाच्या बांधीत वाकून होतो मी?"

सगळे हसले. नवराही.

मी विचारलं, मत कुणाशी बोलून ठरवता?

"रोवता रोवता आमी बाया बाया बोलतो. याईले कायले इचारू?"

चॅप्टर मुळापासून नवा लिहिला. व्हायवात जवळपास सगळे प्रश्न त्यावरच आले. मागच्या रांगेत बसलेल्या बाबांना त्यातलं फारसं कळलं नाही, पण सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या.

मागच्या महिन्यात दवाखान्यात जाऊन सरांना सांगितलं, आता मलाही गाइडशिप मिळाली.

आवाज पार खोल गेला होता. तरी म्हणाले, "मंग एखाद्याले वापस पाठव. शिव्या देईल तुले. देऊ दे."

मीही दिल्या होत्या, सर. मनातल्या मनात, पोटभर.

आज त्याच मनाने थँक यू म्हणते.

या, सर. भरल्या डोळ्यांनी निरोप.