रेडिएटरच्या कडेची फट

फट दोन बोटांची होती. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या अंगाला. मला ती पहिल्याच दिवशी दिसली. तोंडाने सांगून काही झालं नाही, म्हणून आता वहीत लिहिते आहे.

आमचे हे कंपनीत फिटर आहेत. तिथून निवृत्त झालेले एक साहेब पडेगावला आमच्या घरामागच्या शेडमध्ये विमान बांधतात. एका माणसाचं, घरीच केलेलं. सुट्टीला हे त्यांच्या हाताखाली असतात आणि मी चहा नेऊन देते. इंजिन एका जुन्या मोटारीचं आहे. त्यात खालीवर होणारा पिस्टन नाही, तीन कोपऱ्यांचा लोखंडी तुकडा आतल्या आत गरगर फिरतो. ते हलकं आहे पण फार तापतं. त्याचं पाणी निववायला विमानाच्या पोटाखाली पत्र्याचा लांब डबा केलाय. पुढून वारा शिरायचा, मधल्या रेडिएटरमधून जायचा आणि मागून बाहेर पडायचा. उकळत्या पाण्याचे पाइप चालवणाऱ्याच्या पायांजवळून जातात. परवानगीचे कागद येईपर्यंत विमान नुसतं माळावर पळवायचं, आणि आत बसायचे ते आमचे हे.

मी दर उन्हाळ्यात शहरात कूलर भरायला जाते. जाळीत गवत भरताना कोपरा मोकळा राहिला तर वारा ओल्या गवतातून जातच नाही, त्या कोपऱ्यातून सरळ आत येतो. पंखा कितीही मोठा लावा, खोली गरमच. आमच्या कामावर नवीन आलेल्या बाईलाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

पहिल्यांदा इंजिन तापलं तेव्हा मी कप गोळा करता करता म्हणाले, "साहेब, कडेनं फट हाये. वारा तिकडूनच पळून जात आसंल."

साहेब हसले. "वहिनी, हे विमान आहे, कूलर नाही."

यांनी मान वर न करता सांगितलं, "साखर कमी टाकत जा साहेबांच्या चहात."

मग वारा जास्त शिरावा म्हणून साहेबांनी डब्याचं तोंड मोठं केलं. इंजिन पुन्हा तापलं. जेवताना मी यांना परत सांगितलं. हे म्हणाले, "साहेबांनी चाळीस वर्षं इंजिनं पाहिली." मी काय पाहिलं ते यांनी विचारलं नाही. साहेबांनी तोंड आणखी मोठं केलं. त्या खेपेला पाइप निसटला आणि यांच्या पोटरीवर वाफ आली. फोडावर मलम लावताना मी तिसऱ्यांदा सांगितलं. हे म्हणाले, "तुझं काय गं सारखं तेच."

दुसऱ्या दिवशीही सुट्टीच होती. दोघं जेवायला गेले तेव्हा मी एकटी शेडमध्ये गेले. डब्यात वाकून पाहिलं. माळाची सगळी धूळ फटींच्या कडेला पट्टे धरून बसली होती आणि रेडिएटरची मधली जाळी कोरी होती. वारा जातो तिथं धूळ बसते. याला शाळा कशाला लागते? माझी तर चौथी झालेली आहे. मी ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि चिकटवून तिन्ही बाजूंच्या फटी बंद केल्या.

त्या संध्याकाळी इंजिन अर्धा तास चाललं. पाण्याची गरमी दाखवणारा काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. साहेब यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा, तोंड मोठं केल्याचा परिणाम." पट्ट्या त्यांना दिसल्या होत्या. त्यांना वाटलं, यांनी लावल्या असतील, खडखड होऊ नये म्हणून. हे गप्प राहिले. मीही गप्प राहिले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

रविवारी साहेबांचे पाहुणे येणार होते. फोटो काढायचे होते. सकाळी चहा घेऊन गेले तर माझ्या पट्ट्या कोपऱ्यात पडलेल्या.

"काढल्या का?" मी यांना विचारलं.

"साहेब म्हणले, पंक्चरच्या दुकानासारखं दिसायलंय."

हे आत जाऊन बसले. सीटचा पट्टा बांधायला लागले. त्यांच्या पोटरीवरचा फोड अजून सुकला नव्हता. समोर सात-आठ माणसं उभी, सगळी इस्त्रीच्या कपड्यांतली. अशा माणसांपुढं माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लग्नात उखाणासुद्धा जावेनं घेतला होता माझ्या वतीनं. पण मी पट्ट्या उचलल्या आणि विमानापाशी जाऊन उभी राहिले.

"अहो, खाली उतरा. हे लावल्याबिगर चालू करायचं नाय."

साहेब पाहुण्यांकडं बघून हसले. "वहिनींना काळजी वाटते."

"काळजी नाय साहेब," मी म्हणाले. "फट हाये. वारा तिथून जायलाय. धूळ बघा कुठं बसली ती."

पाहुण्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ गुडघे टेकून डब्यात डोकावले. फटीच्या कडेच्या धुळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाई बरोबर बोलताहेत." तेव्हा हे उतरले. मी सांगितलं तेव्हा नाही, त्यांनी सांगितलं तेव्हा. यांनी निमूट पट्ट्या लावल्या. काटा मधल्या खुणेवर राहिला. फोटो निघाले. साहेब पाहुण्यांना "आम्ही केलेली एक छोटी सुधारणा" समजावून सांगत होते आणि मी बिस्किटं वाटत होते.

घरी आल्यावर हे म्हणाले, "तुला एवढं कळत व्हतं तर आधीच सांगायचं."

"तीनदा सांगितलं."

"तसं नाय. नीट सांगायचं."

नीट म्हणजे कसं ते न सांगताच हे ताटावर बसले. मी जेवायला वाढलं.

चिकटवलेली ट्यूब गरमीनं सुटणार. कूलरच्या जाळीसारखी ती तारेनं आवळून बांधायला पाहिजे. येत्या सुट्टीला तार आणि पक्कड घेऊन मी जाणार आहे. दोघं जेवायला गेल्यावर नाही, साहेब तिथं असताना.