काखेतली गाठ

एप्रिलातल्या एका दुपारी केजहून सुटलेल्या गाडीत मंजुषानं घंटीची दोरी ओढायला हात वर केला आणि शेजारच्या सीटवरच्या बाईनं पदर नाकाला लावला. मग खिडकीकडं तोंड करून बसली. मंजुषाला समजायचं ते समजलं.

एसटीत कंडक्टर म्हणून तिला बरीच वर्षं झाली होती. स्वभावानं खमकी. दारू पिऊन चढलेल्याला भर रस्त्यात उतरवायची, अन् म्हातारीचं गाठोडं स्वतः उचलून वर ठेवायची. पण त्या दुपारपासून तिचा उजवा हात अंगाला चिकटला. समोरच्यानं सहज मान वळवली तरी ती दोन पावलं मागं सरकायची.

घरी तिनं अवाक्षर काढलं नाही. पहाटेच्या घाईत अंग पुरतं कोरडं न करताच ती कालचाच नायलॉनचा ब्लाउज घालायची, वरून सेंटचा फवारा मारायची. दुपारपर्यंत घाम आणि सेंट मिळून असा काही दर्प सुटायचा, की तिलाच मळमळायचं. मग एक दिवस तिनं नवऱ्याच्या जुन्या ब्लेडनं काख खरवडली आणि वर लिंबू चोळलं. आग अशी झाली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. आग होते म्हणजे घाण मरते, असं तिनं मनाला समजावलं अन् रोज लिंबू चोळत राहिली.

आठवड्याभरात काखेत सुपारीएवढी गाठ आली.

सासू भिवराबाईनं एकदा हटकलंच. "मंजू, हात असा काहून धरलास?"

"काय न्हाई आत्याबाई, लचक भरली."

"लचकेनं अंग तापत न्हाई बाई."

मंजुषा डबा उचलून बाहेर पडली. त्या दिवशी उन्हातही तिला थंडी वाजत होती. मांजरसुंब्याला उतारू उतरले, नवे चढले. ड्रायव्हर अभिमन्यू डबल बेलची वाट बघत बसला. घंटी वाजेना. त्यानं मागं वळून पाहिलं, तर मंजुषा दांडीला टेकून उभी. चेहरा पांढराफटक, उजवा हात लोंबकळता. बाही वर सरकलेली. काखेतून निघालेली लाल सूज पार कोपरापर्यंत उतरली होती.

"ताई, हे कवापासून हाय?"

"गाडी काढा भाऊ. लोक खोळंबलेत."

अभिमन्यूनं गाडी काढली. बीडच्या स्टँडवर उतारू उतरताच त्यानं तिला रिक्षात घातलं, ते थेट दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी सूज पाहिली आणि लगोलग सलाईन लावलं. "विष रक्तात चाललं होतं. आणखी उशीर झाला असता तर हात सोडा, जिवावर बेतलं असतं." गाठ कापून पू काढला. रक्त तपासलं, तर साखरही वाढलेली निघाली. म्हणूनच ती जखम एवढी चिघळली होती.

ताप उतरल्यावर मंजुषानं मान खाली घालून विचारलं, "पर तो वास कशाचा होता?"

"घामाला स्वतःचा वास नसतो. कातडीवरचे जंतू तो घाम खातात, त्याचा वास सुटतो. काखेत केस, ओल, घट्ट नायलॉन. जंतूंना आणखी काय पाहिजे? रोज साबणानं धुवा, पुरतं कोरडं करा. धुतलेला सुती ब्लाउज घाला. केस कात्रीनं बारीक करा. घाम कमी करणारं औषध मिळतं, ते रात्री लावा, पण जखम भरल्यावर. लिंबू आणि जुनं ब्लेड आता विसरा."

"एवढंच होतं?"

"एवढंच. विचारायला मात्र तुम्ही फार उशीर केलात."

पावसाळ्यात मंजुषा पुन्हा ड्यूटीवर आली. वास गेला होता. हात मात्र पुरता वर जात नव्हता. व्रण ओढायचा, म्हणून ती डाव्या हातानं दोरी ओढायची. साखरेच्या गोळ्या सुरू होत्या.

दिवाळीच्या आधी एका सकाळी अंघोळ करताना तिची बोटं डाव्या काखेत थांबली. कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक लागलं. दाबलं तर दुखलं. पाणी तसंच सोडून ती लुगडं गुंडाळून बाहेर आली. चुलीपुढं बसलेल्या भिवराबाईनं वर पाहिलं.

"आत्याबाई," मंजुषा म्हणाली, "आज मी ड्यूटीवर जात न्हाई. तुमी संगं दवाखान्यात चला."

भिवराबाईनं तवा खाली उतरवला आणि ती चप्पल शोधायला लागली.