लवूच्या बर्फाची गोधडी

आमच्या लालबागच्या चाळीत लवू सोडा-लिंबू विकायचा. जिन्याखाली त्याचं बिऱ्हाड, म्हणजे तो एकटा आणि त्याचं बर्फाचं खोकं. मोठ्या खोक्यात छोटं खोकं, मधल्या फटीत गिरणीतला टाकाऊ कापूस ठासलेला आणि वरून जाडजूड गोधडी. पोरं चिडवायची, "लवूमामा, बर्फाला थंडी वाजते काय रे?" तो म्हणायचा, "वाजते तर." रागावणं त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. माझं नेमकं उलटं.

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. गोळीबार, संचारबंदी. नेमका तेव्हाच माझ्या बकुळाला ताप चढला. पोर बरळायला लागली. शेजारच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यावर बर्फ धरा, ताप उतरेपर्यंत सोडू नका. आता बर्फ आणायचा कुठून, माझ्या कपाळातून? कारखान्याची गाडीच बंद.

लवू म्हणाला, "वयनी, अर्धी लादी उरलीय माझ्याकडे. धंदा गेला खड्ड्यात. ती बकुळाची."

टोच्याने तुकडा काढायचा की झाकण लगेच बंद, असं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी खाली जाते तर काय, आमच्या सासूबाई गोधडीची घडी घालतायत, झाकण सताड उघडं आणि खोक्याखालून पाण्याची धार. "अगो, गोधडीच्या उबेने वितळत होता बर्फ. म्हटलं जरा हवा लागू दे." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लवूने मात्र झाकण लावलं, गोधडी गुंडाळली.

"आजी, गोधडीला स्वतःची ऊब कुठली? ती बाहेरचं बाहेर, आतलं आत ठेवते. आपली ऊब राखते, तसा ह्याचा गारवा."

मग तो झाकणावरच ठाण मांडून बसला. मी आले की उठायचा, तेवढाच.

उरलेला बर्फ पुरला. तिसऱ्या सकाळी बकुळाला घाम फुटला, तिने पेज मागितली. मी रडतच लवूला सांगायला धावले. त्या जानेवारीत मुंबईलाही हुडहुडी भरली होती, आणि हा गोणपाटात मुटकुळं करून पडलेला, दात वाजतायत.

"अरे मेल्या, तुझं पांघरूण कुठाय?"

त्याने खोक्याकडे बोट केलं. "एकच हाय, वयनी."

"मग आता तरी घे. ताप उतरला तिचा."

"असू दे," तो म्हणाला. "मुठीएवढा उरलाय अजून. परत चढला तर?"