साखरबाईने कुटलेली गोळी

साखरबाईला मी पहिल्यांदा नीट पाहिले ते लासुर्ण्याच्या शाळेमागच्या पडीक रानात. मधली सुट्टी होती. दोन गुडघ्यांत एक मेंढी आवळून ती बांबूच्या नळीतून तिच्या घशात औषध सोडत होती. गुरांच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या असताना हा खटाटोप कशाला, असे मी विचारले.

"गोळी गालात धरती, गुर्जी. आपली पाठ फिरली की थुकती," ती म्हणाली. "कुटून पाण्यात पाजली की थेंब वाया जात न्हाय."

तिच्या हाताला गुण आहे असे सगळे मानत. शेजारच्या वस्त्यांवरूनही लोक आजारी मेंढरू खांद्यावर टाकून तिच्याकडे आणत. ती कुणाकडून काही घेत नसे. बोलणे मात्र फटकळ. मेंढराकडे दुर्लक्ष करणाऱ्या माणसाला ती चार लोकांत झापायची.

पुढे मेंढरे विकली आणि तिचा नवरा म्हस्कू बारामती एमआयडीसीत पशुखाद्याच्या एका कारखान्यात पोती उचलायला लागला. तिथल्या भुशाने दोन वर्षांत त्याला दमा जडला. सुरुवातीला साध्या गोळ्या होत्या, दिवसातून तीन वेळा. त्या घशात अडकतात म्हणून साखरबाई पाट्यावर कुटून देई. म्हस्कू कुरकुरायचा.

"मला मेंढरू समजती का काय?"

"मेंढरू बरं. त्ये तोंड तरी उघडतंय."

एवढे बोलून दोघेही हसायचे. त्या घरात मी इतके हसणे दुसऱ्या कशावरून ऐकले नाही.

कामावर दुपारची गोळी हमखास राहून जायची. म्हणून पंच्याण्णव साली बारामतीच्या डॉक्टरांनी नव्या तऱ्हेची गोळी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. एकदा घेतली की बारा तास पोटात हळूहळू सुटत राहणारी. हे कसे घडते ते दवाखान्याच्या गर्दीत कुणी समजावले नाही. वेळा तेवढ्या सांगितल्या. साखरबाईने पाकीट माझ्याकडे आणले आणि मीही तेवढेच वाचून दाखवले.

गोळी लांबोडकी, मोठी होती. तिने ती कुटली.

पहिल्या दिवशी म्हस्कूचे हात कापू लागले, ओकारी झाली. तिला त्यात वावगे वाटले नाही. औषध लागू पडताना मेंढराचेही अंग थरथरते, हे तिने शेकडो वेळा पाहिले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दम जास्त लागला म्हणून तिने दोन गोळ्या कुटल्या. तासाभरात म्हस्कूला झटके यायला लागले. शेजारच्या दादासोने जीप काढली, मीही बरोबर गेलो.

डॉक्टरांनी विचारले, "गोळी कशी दिली?"

"कुटून. पाण्यात."

ते माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "ही अख्खी गिळायची असते. फोडली की बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं."

तिने ऐकले. तिला पुन्हा सांगावे लागले नाही. औषध किती आणि किती वेळात पोटात जावे, हे तिच्याइतके आमच्या भागात कुणाला कळत होते?

दुपारी म्हस्कू गेला.

दहाव्याचा विधी उरकल्यावर ती माझ्या ओसरीवर आली. गोळ्यांच्या पाकिटातला घडीचा इंग्रजी कागद तिने माझ्यापुढे धरला.

"ह्यात काय लिवलंय?"

मला खोटे वाचता आले असते. पण तिच्यासमोर ते जमले नाही. गोळी फोडू नये, चावू नये, कुटू नये, असे बारीक अक्षरांत छापलेले होते. मी वाचले.

"म्हंजी लिवणाऱ्याला ठावं हुतं."

"हो."

"तुमच्या हातात बी दिलं हुतं की मी पाकीट."

"दिलं होतंस. हा कागद मी उघडला नाही, साखरबाई."

तिने मान हलवली. रागाने नव्हे. "न्हाय गुर्जी. बाकीच्या बाया बी अडाणीच हायत. त्या गोळी तशीच देत्यात. कुटली ती मीच."

ती चूक माझी, डॉक्टरांची, त्या बारीक अक्षरांची, असे मी तिला नंतर पुष्कळदा सांगून पाहिले. ती शांतपणे ऐकून घेई आणि जाताना माझा चहाचा कप विसळून ठेवून जाई. त्या वर्षी एक माणूस आजारी कोकरू घेऊन तिच्या दारात आला, तेव्हा तिने आतून कडी लावली. तो बराच वेळ हाका मारत राहिला.

आता ती डाळजला लेकीकडे, सुकन्याकडे असते. रोज दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. नात वैष्णवी आजारी पडली आणि तिला औषध द्यायची वेळ झाली, की साखरबाई घरातून उठून रस्त्यापर्यंत चालत जाते, आणि हाक मारल्याशिवाय परत येत नाही.