कोटाच्या अस्तरातली नोट

घरचे मालक वारले, आणि कापडाच्या लूमवरचं काम मला काही झेपेना. मग डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेतली. नवागामातून निघायचं, सुरतच्या सोसायट्यांत जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडं द्यायचं. उन्हात पाय भाजायचे. भाजले तर भाजले, घरी लेकरं होती.

कपडे उसवताना कधी खिशात, कधी परकराच्या नेफ्यात जुनी नोट निघायची, बाजारात न चालणारी. परत द्यायला गेले की लोक हसायचे. मग मीच ठेवू लागले. मी दुसरीपर्यंत शिकलेली. साडीच्या घडीत पुठ्ठा असतो, त्याचा तुकडा एकेका नोटेला लावायचा आणि त्यावर चित्र काढायचं. नोट निघाली तो कपडा, आणि त्या घराची खूण, पिंपळ नाहीतर देऊळ. असं करत पत्र्याची पेटी भरली.

परवा पोरगा म्हणाला, "माय, हाई पेटी भंगारमा दी टाक. झोपाले जागा नही."

खोटं नव्हतं, खोली एकच. मी म्हटलं, जाणत्या माणसाला दाखवू, तो फेक म्हणाला तर फेकते. नातीने मोबाईलवर शोधून बारडोलीच्या एकाला फोटो धाडले. तो जुन्या नोटांची यादी करतो, पुस्तक काढायचंय त्याला.

तो आला, भिंग काढलं, आणि पहिल्याच नोटेला कपाळाला हात लावला.

"मावशी, हे पिवळं-लाल काय?"

"हळद-कुंकू. दर दिवाळीला लक्ष्मी म्हणून पुजते."

"सगळ्यांना लावलं?"

"मग? एकीला लावायचं, दुसरीला नाही, असं असतं का?"

पोरगा हसला, "पूजा करी करी वाट लाई दिधी मायनी." मी पुढची नोट पुढे केली.

एकेक बघून तो बाजूला ठेवत गेला. तळाशी कागदात गुंडाळलेली एक राहिली. एकाच बाजूने छापलेली, पाठ कोरी.

"हिला नाही लावलं कुंकू?"

"मेलेल्या माणसाच्या कोटाच्या अस्तरात होती ती. परत द्यायला गेले, तर त्या घरची बाई दारातूनच म्हणाली, 'मरनारनो कोट छे, तुं ज राख.' मेलेल्याचा आहे, तूच ठेव म्हणे. असल्या नोटेला कुंकू कसं लावू?"

त्याने छापील यादी चाळली, मोबाईल चाळला, परत यादी चाळली. आमचा चहा गार झाला.

"कुठल्या तरी जुन्या संस्थानाची आहे, मावशी. खरी आहे. पण कुठल्याच यादीत नाही. मीच पहिल्यांदा बघतोय."

मग पुठ्ठा उचलला. "हा कोट ना? आणि ही विहीर?"

"हो. विहिरीशेजारचं घर."

"हेही लिहितो. कुठं सापडली ते कुणी सांगतच नाही बघा. बाकीच्याही लिहितो, डागांसकट."

"मग फेकायची नाही ना पेटी?"

"हात जोडतो, फेकू नका. आणि कुंकू तर अजिबात नको!"

तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. पोराने आपली गादी थोडी सरकवली आणि पेटी भिंतीला लावली.

यंदा दिवाळीला कुंकू लावलं, पण झाकणाला. आत बोट नेलं नाही.