पोतारलेली भिंत

सत्तरच्या दशकात सांगलीजवळच्या आमच्या गावात सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं, ते नुसत्या काँक्रीटचं. गिलावा नाही, रंग नाही. भिंतींवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ तसेच उमटलेले. इंजिनिअर म्हणाले, हेच त्याचं रूप. आम्हा बायकांना वाटलं, काम अर्धवट राहिलं बिचाऱ्यांचं.

तिथे नाटकं होत, भाषणं होत, पुरुष टाळ्या वाजवत. आम्ही मात्र नागपंचमीचा फेर धरायचा तो घोटाभर चिखलात! एका वर्षी सासूबाईंनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या, केंद्राच्या चिटणिसांच्या मागे भुणभुण लावली आणि पंचमीच्या दिवसापुरता हॉल मिळवला.

सण म्हटला की भिंती पोतारायच्या, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. सकाळीच बादल्यांत पांढरी माती कालवून नेली आणि हात पोचेल तिथवर समोरची भिंत पोतारून काढली. वाळल्यावर सासूबाईंनी तिच्यावर गेरूचा नागोबा काढला, दूध-लाह्या दाखवल्या. ती इमारत मला तेव्हा पहिल्यांदा आपली वाटली.

चिटणीस आले आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"अडाणी बायका! एवढी भिंत नासवली! पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही."

त्यांनी शिपायाला खुरपं आणून भिंत खरडायला सांगितलं. खुरपं त्यानं आणलं, पण भिंतीला लावेना.

"सायेब, आज पंचमी हाय. आज चिरायचं न्हाई, खणायचं न्हाई. नागोबावर खुरपं कसं चालवू?"

सासूबाई पुढे झाल्या. "आवं, उघडीबोडकी भित बघवंना म्हून पोतारली. खरडायची तर तुमीच खरडा. आमी फेर धरतो."

आणि धरलाच. चिटणीस खुरपं घेऊन उभे राहिले. पण पंचमी त्यांच्याही घरी होती, तवा त्यांच्याही चुलीवर चढला नव्हता. त्यांचा हात काही उचलला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी भिंत धुऊन घेतली आणि बायकांना हॉल बंद झाला. अडाणी म्हणा, खुशाल म्हणा. गावाच्या भिंतीला गावच्याच बायकांनी हात का लावायचा नाही, हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

पुढच्या पंचमीला आम्ही हॉल मागितलाच नाही. सकाळी शिपायानं दार उघडलं, तेव्हा आम्ही बादल्या घेऊन पायरीवर उभ्या होतो. सगळ्यांच्या पुढे, पदर खोचून, चिटणिसांची बायको होती.