न तपासलेला भंडारा

माझी बहीण वर्षाराणी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर हाय, आन् काम करती आमच्या अणदूरच्या घरातनं. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या, ह्याचा तिला पगार मिळतो. म्या म्हनतो, ह्याला पगार कशाला, तुला तर जन्मापास्नं फुकटात जमतंय. न तपासता कुणी काम पुढं ढकललं की फोनवरच त्याची अशी बिनपाण्यानं करती, की माझी मेंढरंबी कान टवकारत्यात.

काम संपलं की ती वाड्याशेजारच्या खोलीत जाती. न्हाय, वाडा म्हंजी मेंढरांचा. तोंडाला मास्क, हातात मोजे. एका कपात रेझिन, म्हंजी पातळ पलास्टिक, दुसऱ्यात ते कडक करनारा हार्डनर. दोन्ही एकत्र ढवळायचं, रंग घालायचा, फळीवर ओतायचं आन् फळी हलवायची. रंग धावतो, वळतो, आन् दुसऱ्या दिशी काचेवानी कडक हुतो. पहिल्यांदा बघितलं तवा म्या इचारलं, "हे कशाचं चित्र म्हनायचं?"

"कशाचंच न्हाय, दादा. नुसतं बघायचं."

"एखादं मेंढरू तरी काढ."

"बस की मग समोर. काढती."

लोक नावाच्या पाट्या मागत्यात, घड्याळं मागत्यात. ती तोंडावर न्हाय म्हनती. पुण्यातल्या एका प्रदर्शनात तिला जागा मिळाली, तवा तिनं आईकडं बापाची पिशवी मागितली.

आमचा बाप गेल्या साली गेला. देव दरसालावानी नळदुर्गावनं अणदूरला आला, त्या पालखीत उधळून उरलेला हळदीचा भंडारा बापाच्या पिशवीत तसाच हुता. बाप गेला त्या दिशी बायांनी आईचं कुंकू पुसलं. तवापास्नं आमची आई गजराबाई ती पिशवी उशाला घेऊन निजायची.

म्या भडकलो. "देवाचा भंडारा, बापाच्या हातचा, आन् तू त्यो पलास्टिकात घालनार?"

"उधळल्यावर हवेत दिसतो ना, तसा धरून ठेवायचाय मला," ती म्हनली.

आईनं उशाला हात घातला. मग पिशवी तिच्या हातात दिली. "वाया घालवू नगंस," एवढंच म्हनली.

दर रंग आधी छोट्या कपात करून बघणारी ही बया, भंडारा तेवढा तिनं तपासला न्हाय. देवाच्या भंडाऱ्याची कसली परीक्षा घ्यायची, असं तिला वाटलं. आमच्यात कुणालाबी तसंच वाटलं असतं. सगळी पिशवी रेझिनच्या कपात रिकामी केली, हार्डनर घातला, आन् आमच्या डोळ्यादेखत पिवळाजर्द भंडारा तांबडा व्हाया लागला.

"सगळं मातीत घातलंस," म्या वरडलो. "बापाचं शेवटचं हुतं ते." आई दाराला धरून उभी हुती.

वर्षाराणीचा हात थांबला न्हाय. "तपासलं न्हाय, माझी चूक," ती म्हनली. "हळदीत चुना पडला की तांबडी हुती, ह्यो हार्डनरबी तसलाच. आता थांबले तर कपातच घट्ट हुईल आन् सगळंच जाईल. दादा, बोंबलायचं आसंल तर भाईर जा, न्हायतर ती फळी धर."

राग नाकावर हुता, पर म्या फळी धरली. तिनं तांबडं ओतलं, मधी पांढरं सोडलं, फळी एका अंगाला कलती करायला लावली. गरम हवेच्या यंत्रानं बुडबुडे मोडले. भ्यालेला हात असा चालत न्हाय. रंग फळीभर उधळला गेला.

दुसऱ्या दिशी फळी कडक झाली. कुठं विटकरी, कुठं गच्च लाल, कडेला जरासं पिवळं उरलेलं. आई आली, उकिडवी बसली. लाल जागेवर अंगठा घासला आन् उलटा करून बघितला. अंगठा कोराच हुता.

"निघत न्हाय व्हय गं?"

"न्हाय, आई. आता कशानंच न्हाय."

"त्या दिशी बायांनी पुसलं तवा म्या काय बोलले न्हाय," आई म्हनली. "पर लई जीव तुटला हुता. हे तुझ्या बापानं दिलेलं कुंकू. हे कुणाला पुसता यायचं न्हाय."

वर्षाराणी आईला खेटून उकिडवी बसली.

मग आई उठली. "पुण्याला ने, चार लोकांनी बघू दे. पर परत घरी आन. माझ्या उशाला टांगायचंय."